धरण न वाढवता पाणी वाढवलं: सर विश्वेश्वरय्या आणि सल्ल्याची किंमत

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. डोक्याला म्हैसुरी फेटा, अंगात कडक कोट आणि खाली इंजिनियर्स डेच्या शुभेच्छा. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. फोटोतले गृहस्थ म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नागपूरच्या व्हीएनआयटीला ज्यांचं नाव आहे, तेच. त्यांच्याबद्दल रेल्वेच्या रुळाची, मेणबत्तीची अशा बऱ्याच गोष्टी फॉरवर्ड होतात. त्या आज बाजूला ठेवू. त्यांचं खरं काम त्या गोष्टींपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे आणि त्यातलं बरंचसं महाराष्ट्रात झालंय.

टेक्नॉलॉजीच्या साइटवर धरणं बांधणाऱ्या माणसाची गोष्ट कशाला? सांगतो. मी बोरीवलीत राहतो. इंजिनियरिंगची डिग्री घेतली, काही वर्षं नोकरी केली आणि आता लहान-मोठ्या धंद्यांना सॉफ्टवेअरबद्दल सल्ला देतो. माझ्यासारखे कितीतरी जण आज फ्रीलान्स करतायत. वेबसाइट, ॲप, डेटा, क्लाउड, एआय असं काही ना काही. आणि सगळ्यांची अडचण एकच असते. समोरचा विचारतो, तुम्ही नक्की करता काय आणि त्याचे एवढे पैसे का? गवंडी भिंत दाखवतो, सुतार टेबल दाखवतो. सल्लागाराने काय दाखवायचं?

या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यात सापडतं. चला, सुरुवातीपासून बघू.

शिकवण्या घेणारा मुलगा आणि पुण्याचं कॉलेज

विश्वेश्वरय्यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा. आज हे गाव कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात येतं. वडील संस्कृतचे जाणकार होते, पण मुलगा लहान असतानाच गेले. घरात पैसा नव्हता. बंगळूरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना विश्वेश्वरय्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन खर्च भागवला आणि १८८१ मध्ये बीए केलं.

मग म्हैसूर सरकारच्या मदतीने ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच कॉलेज पुढे सीओईपी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १८८३ च्या इंजिनियरिंगच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या काळी पहिल्या नंबराला थेट सरकारी नोकरी मिळायची. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून ते रुजू झाले. आज आपण ज्याला पीडब्ल्यूडी म्हणतो, तेच खातं. पहिलं पोस्टिंग नाशिक आणि त्यानंतर खानदेश.

खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून पाइप टाकून पाणी पलीकडे न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. तंत्राचं नाव सायफन. पाइप एका काठावरून खाली उतरतो, नदीच्या तळाखालून जातो आणि दुसऱ्या काठावर पुन्हा वर येतो. सुरुवातीचं टोक शेवटच्या टोकापेक्षा थोडं उंच असलं की पाणी पंपाशिवाय पलीकडे चढतं. कागदावर सोपं, पण काम चालू असतानाच पावसाळा सुरू झाला. नदी भरायला लागली, खणलेल्या चरात वाळू येऊन बसायला लागली. पाऊस संपेपर्यंत थांबूया, असं नव्या इंजिनियरने वरिष्ठांना सुचवलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. शेवटी विश्वेश्वरय्यांनी त्याच पावसात काम पुरं केलं आणि मग त्याच वरिष्ठांनी त्यांची वाहवा केली.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्यांनी धोका आधी सांगितला, लेखी सांगितला आणि निर्णय झाल्यावर कुरकुर न करता काम केलं. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

सिंधूचं गढूळ पाणी

१८९४ मध्ये त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं गेलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. गावाला पिण्याचं पाणी हवं होतं. नदी समोरच वाहत होती, पण पाणी कमालीचं गढूळ. शुद्धीकरणासाठी मोठाले फिल्टर बांधायचे तर नगरपालिकेला ते परवडणारं नव्हतं.

विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूकडे बघितलं. वाळू हाच फिल्टर असतो. नदीच्या पात्रातल्या वाळूत विहिरी खणल्या की नदीचं पाणी वाळूतून झिरपत, गाळ मागे ठेवत विहिरीत येतं. ते वर उपसायचं आणि गावाला द्यायचं. १८९५ मध्ये ही योजना सुरू झाली.

आपल्या भाषेत सांगायचं तर क्लायंटकडे नवीन सर्व्हर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी क्लायंटकडे आधीपासून असलेलीच एक गोष्ट कामाला लावली. सल्लागाराची पहिली किंमत इथे दिसते. समोरच्याच्या घरातच पडून असलेली वस्तू त्याला दाखवून देणं.

खडकवासला: दिसायला साधी, हिशेबाला जबरदस्त आयडिया

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणायचे. पुणे आणि खडकीला तिथून पाणी जायचं, कालव्यातून शेतीलाही जायचं. मागणी वाढत होती आणि साठा पुरत नव्हता. उपाय काय? कुणीही सांगेल, धरण उंच करा. पण जुन्या दगडी धरणाची उंची वाढवणं म्हणजे प्रचंड खर्च आणि वर जोखीम.

आधी सांडवा म्हणजे काय ते समजून घेऊ. बोरीवलीच्या नॅशनल पार्कमधला तुळशी तलाव पावसाळ्यात भरला की बातमी येते, तुळशी ओव्हरफ्लो. म्हणजे काय होतं? तलावाच्या काठाचा एक भाग मुद्दाम खाली ठेवलेला असतो. पाणी त्या पातळीच्या वर गेलं की तिथून बाहेर पडतं, आणि तुळशीचं हे जादा पाणी विहार तलावात जातं. हा खाली ठेवलेला भाग म्हणजे सांडवा. तो नसेल तर पाणी धरणाच्या माथ्यावरून जाईल आणि धरणच धोक्यात येईल.

खडकवासल्याला मोठा पूर आला की सांड्यावरून सहा ते आठ फूट उंचीचा लोंढा जायचा. म्हणजे पुराच्या वेळी तलावाची पातळी सांड्यापेक्षा तेवढी वर चढायचीच, आणि धरण ती उंची सहन करायचंच. विश्वेश्वरय्यांनी नेमकं हेच पकडलं. धरण ज्या पातळीला पुरात आधीच उभं राहतंय, त्या पातळीपर्यंत पाणी नेहमीसाठी का अडवू नये?

त्यासाठी सांड्यावर दारं बसवायची. पण साधी दारं बसवली आणि रात्री दोन वाजता पूर आला तर ती उघडणार कोण? पहारेकरी झोपला तर धरण गेलं. म्हणून त्यांनी आपोआप चालणाऱ्या दारांची रचना केली. दारांना साखळ्यांनी वजनं जोडलेली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की त्याच पाण्याच्या जोरावर हा तोल बदलायचा आणि दारं उघडायची. पूर ओसरला की तोल पूर्ववत आणि दारं बंद. वीज नाही, माणूस नाही, सेन्सर नाही. खरं तर पाणी हाच सेन्सर आणि पाणी हीच मोटर.

१९०३ च्या सुमाराला ही दारं बसली. धरणाची भिंत एक इंचही न वाढवता साठा जवळपास चौथाईने वाढला. या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि नंतर म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारं आली.

आता हेच काम दोन प्रकारे सांगून बघा. एक, मी तुमच्या सांड्यावर वजनाच्या तोलावर चालणारी स्वयंचलित दारं बसवतो. दोन, धरणाला हात न लावता तुमचं पाणी चौथाईने वाढतं आणि पुराची भीतीही वाढत नाही. काम तेच आहे. पहिल्या वाक्यात इंजिनियर बोलतोय, दुसऱ्यात क्लायंटचा फायदा बोलतोय. फ्रीलान्सरच्या प्रपोजलमध्ये बहुतेक वेळा पहिलंच वाक्य असतं. रिॲक्ट, नोड, एडब्ल्यूएस, अमुक व्हर्जन, तमुक डेटाबेस. दुकानदाराला त्यातलं काय कळणार? त्याला हवा असतो तो चौथाईचा आकडा.

पाणी तेच, वाटणी वेगळी

पुण्यात सिंचनाचं काम बघताना त्यांच्यासमोर दुसरा प्रश्न आला. दख्खनमधले कालवे दुष्काळात धान्य वाचावं म्हणून काढलेले. पण ज्याचं शेत कालव्याला लागून तो उसाला हवं तेवढं पाणी घ्यायचा आणि लांबच्या शेतकऱ्याचं ज्वारी-बाजरीचं शेत कोरडंच राहायचं. कालवा दुष्काळासाठी आणि पाणी मोजक्या लोकांच्या उसाला, असा प्रकार.

त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. एका गावातल्या जमिनीचे ठरावीक ब्लॉक करायचे, त्यात ऊस, धान्य आणि कमी पाण्याची पिकं आळीपाळीने घ्यायची आणि पाणी ब्लॉकप्रमाणे, पाळीप्रमाणे द्यायचं. म्हणजे एका कालव्याचा फायदा जास्त गावांना, जमिनीचा पोतही टिकतो आणि सरकारला पाणीपट्टी जास्त मिळते. नीरा कालव्यावर ही पद्धत आली. आधी विरोध झालाच, कारण ज्यांना भरपूर मिळत होतं त्यांचं कमी होणार होतं. गावोगाव बोलून, आकडे मांडून हे पटवावं लागलं.

कॉम्प्युटरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. एका सर्व्हरवर दहा ॲप चालतात आणि एकच ॲप सगळी मेमरी खातं, तेव्हा आपण प्रत्येकाचा वाटा ठरवून देतो. नवीन सर्व्हर घ्यायची गरज पडत नाही. पण ज्याची मेमरी कमी झाली तो मात्र आरडाओरडा करतो. सल्ला बरोबर असणं पुरेसं नसतं. ज्याचं नुकसान दिसतंय त्याच्याशीही बोलावं लागतं.

नोकरी सोडली आणि हैदराबादची तार आली

१९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचं आणि ड्रेनेजचं काम बघायला सरकारने त्यांना तिकडे पाठवलं. नाव झालं, बढत्याही झाल्या. पण मुंबई सरकारात हिंदी माणसाला चीफ इंजिनियरची खुर्ची मिळेल अशी चिन्हं नव्हती. १९०८ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आतच त्यांनी नोकरी सोडली आणि स्वखर्चाने युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं मेली, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. निजाम सरकारने परदेशात असलेल्या विश्वेश्वरय्यांना तार पाठवली. त्यांनी दौरा अर्धवट टाकला नाही. तो पुरा करून मग एप्रिल १९०९ मध्ये स्पेशल कन्सल्टिंग इंजिनियर म्हणून ते हैदराबादेत हजर झाले. निजाम सरकार थांबलं. हातात काम नसलेला माणूस आणि आपल्या कामाची किंमत माहीत असलेला माणूस यातला फरक असा दिसतो.

कामाची व्याप्ती तीन मुद्द्यांत ठरलेली होती. शहराच्या पुनर्बांधणीसाठी सल्ला आणि मदत, पुन्हा पूर येऊ नये म्हणून योजना, आणि शहराच्या ड्रेनेजचा आराखडा. आज आपण याला स्कोप म्हणतो. तीन ओळींत मावणारा स्कोप.

आता नेहमीचा उपाय काय? नदीच्या काठाने उंच भिंती बांधा. लोकांना भिंत दिसते, समाधान वाटतं. पण विश्वेश्वरय्यांनी आधी पूर का आला ते शोधलं. मुसीच्या पाणलोटात ७८८ लहान-मोठे तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यातले २२१ त्या पावसात फुटले. एक फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. साखळीच. त्यांनी आसपासच्या प्रांतांतल्या पावसाच्या नोंदीही तपासल्या आणि असा पाऊस पुन्हा पडू शकतो हे दाखवलं.

म्हणून त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला, मुसीवर आणि तिला मिळणाऱ्या एसी नदीवर, दोन मोठे जलाशय सुचवले. पूर शहरात येण्याआधीच तो वर अडवायचा आणि मग हळूहळू सोडायचा. १ ऑक्टोबर १९०९ ला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत रिपोर्ट तयार होता. त्याप्रमाणे मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि एसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट. गच्चीबावलीला आयटीत काम करणारे तुमचे मित्र शनिवार-रविवारी जिथे फिरायला जातात ना, तेच. पुरापासून वाचवायला बांधलेल्या या तलावांनी पुढे शहराला पिण्याचं पाणीही दिलं.

निजाम सरकारने पुराचा उपाय मागितला होता आणि त्यांना पूर थांबवणारं, शिवाय पाणी देणारं उत्तर मिळालं. क्लायंट जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, त्यात बरेचदा अंतर असतं. माझ्याकडे बोरीवलीतला एक छोटा व्यावसायिक आला होता. त्याला ॲप हवं होतं. चार प्रश्न विचारल्यावर कळलं की फोनवर आलेल्या ऑर्डरची कुठे नोंदच होत नाही आणि माल चुकीचा जातो. एक शेअर केलेली शीट आणि बारकोड स्कॅनर, एवढ्यात प्रश्न सुटला. दोन दिवस लागले. बिलावर मात्र त्याने घासाघीस केली, कारण कामाला दोनच दिवस लागले होते. ॲपचे वाचलेले पैसे आणि चुकीच्या मालाचे वाचलेले पैसे कुठेच लिहिलेले नव्हते ना! विश्वेश्वरय्यांच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेले असायचे.

म्हैसूर: आधी प्रश्न, मग होकार

हैदराबादचं काम चालू असतानाच म्हैसूर संस्थानाने त्यांना चीफ इंजिनियर व्हायला बोलावलं. मातृभूमीचं आमंत्रण, मोठा हुद्दा. कुणीही लगेच हो म्हटलं असतं. त्यांनी आधी दिवाणांना पत्र लिहून विचारलं की उद्योग आणि तांत्रिक शिक्षण वाढवायला संस्थानाला खरंच रस आहे का. तसा शब्द मिळाल्यावरच ते नोव्हेंबर १९०९ मध्ये रुजू झाले. काम घेण्याआधी क्लायंटची मुलाखत घेणं म्हणतात ते हेच.

तिथे त्यांनी कावेरीवर कन्नंबाडीला धरणाची योजना मांडली. आपण त्याला कृष्णराजसागर म्हणतो. खर्च संस्थानाच्या मानाने प्रचंड होता आणि अर्थखात्याने विरोध केला. विश्वेश्वरय्यांनी धरणाची बाजू धरणाच्या भाषेत मांडली नाही, पैशाच्या भाषेत मांडली. शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. कावेरीचं पाणी उन्हाळ्यात कमी झालं की वीज कमी पडायची. पाणी साठवलं तर वीज वर्षभर मिळणार, खाणींकडून बांधलेलं उत्पन्न येणार आणि वर शेतीला पाणी. खर्च किती, परत कधी, कुठून, हे सगळं कागदावर. १९११ मध्ये महाराजांनी मंजुरी दिली आणि त्याच वर्षी काम सुरू झालं.

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९१३ ला म्हैसूर बँक, १९१६ ला म्हैसूर विद्यापीठ, १९१७ ला बंगळूरूचं इंजिनियरिंग कॉलेज उभं राहिलं.

जिथे मोजपट्टी अपुरी पडली

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. त्या काळी म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचं प्रमाण फार मोठं होतं. मागासलेल्या समाजांना राखीव जागा द्याव्यात अशी मागणी होती आणि महाराज त्याला अनुकूल होते. १९१८ मध्ये त्यासाठी मिलर समिती नेमली गेली. विश्वेश्वरय्यांना हे पटलं नाही. नोकरी गुणवत्तेवरच द्यावी, असं त्यांचं मत होतं. शेवटी त्यांनी दिवाणपद सोडलं.

आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. म्हणजे विषय नवीन नव्हता. ज्या माणसाने नीरेच्या कालव्यावर पाणी फक्त काठावरच्यांना का मिळतं असा प्रश्न विचारला, त्याने शिक्षणाच्या आणि नोकरीच्या कालव्याबद्दल तोच प्रश्न विचारला नाही. मला हे खटकतं. परीक्षेचे मार्क मोजता येतात, पण परीक्षेपर्यंत पोचायला कुणाला किती चालावं लागलं हे त्या मार्कांत दिसत नाही. आज एआयने माणसं निवडणारी सॉफ्टवेअर बनवताना आपणही याच जागी उभे असतो. जे मोजता येतं तेवढंच खरं, असं धरून चालणाऱ्या प्रत्येक हुशार माणसाने हा भाग वाचावा.

मुंबईचा समुद्र आणि चुकलेला सल्ला

दिवाणपद सोडल्यावर विश्वेश्वरय्या खऱ्या अर्थाने देशाचे सल्लागार झाले. मुंबईत १९२१-२२ मध्ये तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. आणि १९२६ मध्ये आपल्या मुंबईतलं एक गाजलेलं प्रकरण त्यांच्यासमोर आलं.

चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हला गेलात तर तुमच्या पायाखाली बॅक बे रिक्लमेशनची जमीन असते. गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या काळात समुद्र हटवून जमीन करण्याची भव्य योजना सुरू झाली. तिच्यामागे लंडनच्या नामांकित सल्लागारांचे आकडे होते. भिंत बांधायची, ड्रेजर नावाच्या यंत्राने समुद्रतळाचा चिखल उपसायचा आणि भिंतीच्या आत भरायचा. प्रत्यक्षात ड्रेजरने सांगितलं त्यापेक्षा फार कमी चिखल उपसला आणि भरलेला चिखल भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जायला लागला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण लावून धरलं, लोकांनी योजनेला लॉइडचा मूर्खपणा असं नाव दिलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सर ग्रिमवुड मिअर्स अध्यक्ष होते आणि सदस्यांत विश्वेश्वरय्या.

दोन प्रकारच्या सल्लागारांची तुलना इथे करता येते. एकाने क्लायंटला आवडेल असा आकडा दिला. दुसऱ्याच्या मागे खडकवासल्यापासून प्रत्येक आकड्याला जमिनीवरची मोजणी होती. बॅक बेमध्ये पैसा सरकारचा, म्हणजे लोकांचा बुडाला. सल्लागाराचा चुकीचा अंदाज सल्लागाराला क्वचितच महाग पडतो, तो क्लायंटला महाग पडतो. म्हणून आपला आकडा कशावर उभा आहे, आणि तो कधी चुकेल, हे प्रपोजलमध्येच लिहिणं ही सभ्यता नाही, जबाबदारी आहे.

फी कधी घ्यायची?

म्हैसूर संस्थानाचा भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता. १९२३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी त्याची सूत्रं हातात घेतली. कारखाना नफ्यात येईपर्यंत आपला मोबदला नको, असं त्यांनी ठरवलं. काही वर्षांत कारखाना सावरला आणि पुढे साठलेल्या त्या रकमेतून बंगळूरूत कारागिरीचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली.

हे वाचून लगेच फुकट काम करायला निघू नका! ज्याच्या हातात निर्णय होते त्यानेच निकालावर पैज लावली होती. तुमच्या हातात फक्त सल्ला असेल आणि तो ऐकायचा की नाही हे दुसरा ठरवणार असेल, तर ती पैज तुमची नाही.

सत्तरीकडे झुकतानाही ते थांबले नाहीत. १९२७ पासून पुढे पंचवीसहून जास्त वर्षं ते टाटा स्टीलचे संचालक होते. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत मोटार कारखाना काढायची योजना बनवली. ती त्यांच्या हातून झाली नाही. पण त्या प्रयत्नात सोबत असलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. १९४१ मध्ये विश्वेश्वरय्यांनी कारखानदारांची अखिल भारतीय संघटनाही उभी केली. आज कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर त्यांचं नाव आहे, ते या नात्यानेच.

नव्वदीतला साइट व्हिजिट

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. त्याच्या आधी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, बिहारमध्ये गंगेवर पूल कुठे बांधायचा हा वाद पेटला होता. प्रत्येक भागाला पूल आपल्याकडे हवा होता. सरकारने नव्वदी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांना विचारलं. त्यांनी जागा पाहिल्या आणि मोकामाची शिफारस केली. १९५९ मध्ये तिथे पूल सुरू झाला. वाद मिटवायला सरकारला त्या वयाचा माणूस का लागला असेल? कारण त्यांनी सांगितलेल्या जागेमागे कुणाचा दबाव असेल, असं कुणाला वाटणार नव्हतं. सत्तर वर्षं जमवलेलं हे भांडवल.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं. ज्या सांड्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वयंचलित दारं बसवली, तो साठ वर्षांच्या आसपास काम करून पाण्यात गेला. नंतर धरण पुन्हा बांधलं गेलं. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरीच्या घरात, बंगळूरूला विश्वेश्वरय्या गेले.

तर मग आपण काय करायचं?

पुढचं प्रपोजल पाठवण्याआधी एवढं करून बघा:

• पहिली ओळ तुमच्या तंत्राची नको, त्यांच्या फायद्याची हवी. पाणी चौथाईने वाढेल, दारं नंतर.
• व्याप्ती तीन ओळींत लिहा. तीन ओळींत मावत नसेल तर काम अजून नीट समजलेलं नाही.
• त्यांनी मागितलेल्या उपायाआधी त्यांचा त्रास विचारा. मुसीच्या भिंतीआधी वरचे ७८८ तलाव मोजा.
• काहीच केलं नाही तर नुकसान किती, हेही लिहा. काम दोन दिवसांत झालं तरी बिल त्यावरून ठरतं.
• तुमचा अंदाज कुठे चुकू शकतो ते आधीच सांगा. नंतर सांगितलं तर ती सबब होते.

आज कोड लिहून द्यायला एआय आहे, आणि तेही जवळपास फुकट. म्हणजे नुसती दारं बनवून विकणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. पण कुठल्या सांड्यावर, किती उंचीची दारं बसवली तर धरण टिकून पाणी वाढेल, हे तलावाच्या काठावर उभं राहून बघणारा माणूस अजूनही लागतो. तो माणूस व्हायचं असेल तर मोजायला शिका, आणि मोजलेलं समोरच्याच्या भाषेत सांगायला शिका.